डचमळणारा सिलिंडर

डहाणूच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची म्हणजे किस्से शोधत फिरावं लागत नाही. पोर्शन संपत नाही, किस्से मात्र प्रत्येक बॅच नवे देऊन जाते. माझ्याकडचे निम्मे तर एकाच धड्यातले आहेत: आदर्श वायू आणि खरा वायू.

मी फळ्यावर लिहायचे, आदर्श वायूच्या कणांना स्वतःचं आकारमान नसतं, एकमेकांची ओढही नसते. दरवर्षी मागच्या बाकावरून तोच प्रश्न. "मॅडम, हा मिळतो कुठं?"

"कुठंच नाही. गणित सोपं व्हावं म्हणून आहे असं मानायचं."

एकदा कैनाडचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "मग आम्ही पास झालो असं पण मानायचं का?"

त्याला वर्गाबाहेर काढायला हवं होतं. हसू आवरेना, म्हणून मीच बाहेर गेले.

*

आमचे फिजिक्सचे सावे सर आदर्श वायूचे कैवारी. "खऱ्याच्या भानगडी पोरांच्या डोक्यात कशाला घालता?" असं मला स्टाफरूममध्ये सुनावायचे. एकदा त्यांची बाइक बिघडली आणि ते तलासरीहून जीपने आले. उतरले तेव्हा शर्टाचं बटण गायब, डबा चेपलेला.

"पटलं तुमचं," म्हणाले. "मोकळ्या जीपमध्ये माणूस म्हणजे ठिपका धरला तरी चालतं. दाबून भरली की प्रत्येकाला आपापली जागा लागतेच."

दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात सांगितलं. सरांचं नाव घेऊन.

*

आता वनिता. झरीची, मुलखाची अबोल. नर्सिंगला जायचं होतं, पण बारावीला केमिस्ट्रीत नापास झाली. तोंडीच्या दिवशी घरची चूल पेटता पेटेना, पहिली जीप चुकली, ही धापा टाकत उशिरा आली आणि परीक्षकांपुढे एक शब्द फुटला नाही. वडील मला भेटून गेले. "मॅडम, अजून एकदाच बसवतो. नाय झाली पास, तर चिकूच्या वाडीत कामाला जाईल." वाईट माणूस नव्हता, पण बोलला तसं करणारा होता.

त्याच वर्षी त्यांच्या पाड्यावर गॅस आला. आईने सिलिंडरला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि सवयीने हलवून पाहिला. आत डचमळलं! रॉकेलमध्ये पाणी मिसळलेलं आयुष्यभर पाहिलेली बाई ती. "पाणी भरून दिलंय," म्हणाली, आणि सिलिंडर अंगणात काढून ठेवला. बघता बघता सगळ्या पाड्याने आपापले सिलिंडर अंगणात काढले.

वनिता माझ्याकडे आली. मी म्हटलं, "अगं, गॅसच आहे तो. खऱ्या कणांना एकमेकांची ओढ असते. दाबून जवळ आणले की धरून बसतात, पाण्यासारखे पातळ होतात. आदर्श वायू कितीही दाब, पातळ होणारच नाही."

"आईला सांगते," म्हणाली.

आईला काही पटलं नाही. शेगडी पेटवून दाखवल्यावर पटलं.

*

पुढच्या तोंडीला वनिता पहिल्या जीपने वेळेवर आली. परीक्षक बाहेरगावचे, कडक. लेखीत वनिता जेमतेमच, त्यामुळे हे मार्क हवेच होते. मी शेजारी उभी, आणि बोलायची मला मनाई.

"खरा वायू आदर्श नसतो, कशावरून?"

पुस्तकात आलेख आहे. वनिताने तो काढलाच नाही. परीक्षकांनी पेन उचललं.

"सर, तुमच्या घरी गॅस आहे?"

"आहे. का?"

"हलवून बघा. डचमळेल. आदर्श असता तर पातळ झालाच नसता."

परीक्षकांनी चष्मा काढला. "आणि आत पाणी भरलेलं असेल तर?"

"तर मी आज पण उशिरा आले असते, सर."