आडनावापुरता प्रिन्स

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या ऑफिसात पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका जर्मन गृहस्थांच्या पणजोबांचं राज्य कधीच बुडालं. 'प्रिन्स' उरला तो फक्त आडनावात. मालकांनी त्यांना कामावर ठेवलं होतं ते त्या आडनावासाठीच. गिऱ्हाईक विचारायचं, "हबीबी, खरोखरचे प्रिन्स?" ते दमून हसायचे आणि मालक ऑर्डर लिहून घ्यायचे.

त्यांचा व्हिसा संपायच्या महिन्यात एका हॉटेलवाल्याने तेच विचारलं. ते म्हणाले, "नाही. आडनाव आहे. राज्य खलास."

ऑर्डर हातची गेली. गाडीत मालक माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "याला खरं बोलायला कोणी सांगितलं होतं? आता कशाला वाढवू याचा व्हिसा?"

मागच्या सीटवर बसलेल्या त्या गृहस्थांना मराठी येत नव्हतं. ऑफिसात आल्यावर त्यांनी रोजच्यासारखा आपला चहाचा कप स्वतः धुतला, पुसला आणि कपाटात न ठेवता पिशवीत टाकला.