मादागास्करच्या मुंडावळ्या

नागपूर सोडलं त्या संध्याकाळी आईने मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्यांचा गजरा माझ्या वेणीत माळला. "वाटेत उमलतील," म्हणाली. मुंबईला विमानात बसेपर्यंत त्या उमलल्याही. शेजारचे गृहस्थ वळून वळून बघत होते आणि मी रडत होते.

इथे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत मी दोनदा मोगरा लावला. दोन्ही हिवाळ्यांनी त्याचा निकाल लावला. मग नर्सरीत 'मादागास्कर जॅस्मिन' दिसला. बेटावरच्या डोंगरी जंगलातला वेल, जाड चकचकीत पानं, मेणासारखी पांढरी, सुवासिक फुलं. मोगऱ्याशी त्याचं काही नातं नाही, पण मी हट्टी. दक्षिणेच्या भिंतीला लावला आणि पठ्ठ्या छपरापर्यंत चढला.

यंदा जूनमध्ये आमच्या इराचं लग्न ठरलं, बॅकयार्डमध्येच. आईचे गुडघे इतके दुखतात की तिचं येणं कॅन्सल झालं. तिने एकच मागितलं, नातीच्या कपाळावर मुंडावळ्या घरच्या फुलांच्या हव्यात. बाकी काही बिघडलं तरी चालेल, तेवढं मला करायचंच होतं.

आदल्या संध्याकाळी मी वेलावरच्या सगळ्या कळ्या तोडल्या, ओवल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. उमललेली फुलं सकाळपर्यंत कोमेजतील म्हणून ती टेबलांवर पसरून मोकळी झाले. आईच्या हाताखाली शिकलेलं, चुकेल कसं? सकाळी फडकं उघडलं, तर कळ्या ठार मिटलेल्या. तोडल्यावर ह्या वेलाची कळी उमलतच नाही! मी ओट्याशी उभी राहून हमसून हमसून रडले.

इरा धावत आली. "आई, स्टॉप! आय लव्ह देम. मोत्यांच्या असतात ना, सेम तशाच दिसतायत." आणि तिने त्या आरशासमोर बांधूनही घेतल्या.

व्हिडिओ कॉलवर आईने चष्मा पुसून पाहिलं. मी झालेला घोटाळा सांगितला. "मिटल्या आहेत तेच बरं," ती म्हणाली. "माझ्या लग्नातल्या मोगऱ्याच्या होत्या, त्या मंगलाष्टकं संपेपर्यंत काळवंडल्या. आदित्यच्या लग्नातही ह्याच कर गं." आदित्य आमचा धाकटा, अजून कॉलेजात आहे.

तुम्ही नागपूरकर दर फोनला विचारता, कायमचे परत कधी येणार? भेटायला येऊ, दरवर्षी येऊ, मॅनेजरशी भांडून येऊ. पण घर आता इथे आहे. आईलासुद्धा फुलं याच अंगणातली हवी आहेत.