खळ्यावरचं भुसकट आणि मुलीची दहावी

पत्नी गेल्यापासून तिचं जे आठवतं, त्यात फाल्गुनातल्या शिंका फार आहेत. सोनपेठला आमच्या घरामागेच एका शेतकऱ्याचं खळं होतं. कडुलिंबाचा बहर आणि ज्वारीचं भुसकट एकदमच यायचं आणि सगळं घर शिंकायला लागायचं. ती खिडक्यांना ओली पातळं बांधायची, सगळ्यांना ओव्याची वाफ द्यायची.

त्या वर्षी मुलीची दहावी होती. डोळे सुजले की तिला वाचताच येत नसे. नेमकं तेव्हाच मागच्या शेतकऱ्याने मळणी यंत्र आणलं. थांबा म्हणायला मला संकोच वाटला. पत्नीच त्याच्याकडे बोलायला गेली.

"वैनी, वारं काय माझ्या बापाचं हाय का?" तो म्हणाला.

"वारं नसंल, पण पोरगी तर तुमच्या पुतणीसारखी हाय की!"

तो हसला. "पेपराला कवा निघती?"

"दहाला."

मग पेपर संपेपर्यंत मुलगी शाळेकडे निघाली की यंत्र सुरू व्हायचं आणि ती परतायच्या आत बंद. सगळे पेपर तिने स्वच्छ डोळ्यांनी लिहिले. शेवटच्या दिवशी मी घरी होतो. यंत्र धडधडलं, मी आणि पत्नी दोघंही शिंकू लागलो. वाफेच्या पातेल्यावरून डोकं वर करून ती म्हणाली, "शिंका आता खुशाल!"