दाजींचं फ्रेंच

आमच्या घरात फ्रेंच येणारी मी एकटीच होते, आणि मला फ्रेंच येत नव्हतं.

अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं, कारण त्यात मार्क चांगले पडतात असं सगळ्या मुली म्हणत. मला ब्याण्णव पडले. पण ते सगळे कागदावर! वर्गात बाई प्रश्न विचारू लागल्या, की मी पेन्सिल पाडायची आणि ती शोधायला बाकाखाली जायची. (दोन वर्षांत माझ्याइतक्या वेळा पेन्सिल कुणाचीच पडली नसेल.) हे मी घरी कधी सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी.

माझे दाजी कोयनानगरच्या वीजघरात फिटर. त्यांना कुणीतरी सांगितलं, की कॅनडात एक फ्रेंच बोलणारा प्रांत आहे, तिथंही धरणं आहेत, आणि धरणापाशी वसलेल्या लहान गावांना माणसं हवी आहेत. फिटरला मागणी आहे, त्यात फ्रेंच आलं तर कायमचं राहायचा परवाना मिळालाच म्हणून समजा! दाजींनी अर्ज ठोकला. मुलाखतीचं पत्र आलं आणि ताई-दाजी पेढे घेऊन साताऱ्याला आमच्याकडे हजर झाले. मुलाखतीला तीन आठवडे होते, आणि दाजी तेवढी रजा टाकूनच आले होते. ताई म्हणाली, "प्रज्ञा शिकवंल की. तिला ब्याण्णव हायेत."

मी पेन्सिल शोधू लागले. पण घरात बाक नव्हता.

पहिल्या दिवशी मी माझा लहानपणीचा फळा भिंतीला टेकवला आणि सांगितलं, की 'होय'ला फ्रेंचमध्ये 'वी' म्हणतात. पण अगदी 'वी' नाही, ओठांचा चंबू करून 'वुई'सारखं काहीतरी. दाजींनी चंबू केला. दोनदा हवा गेली. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी व्हय."

"तसं नाही, दाजी..."

"आगं, व्हयच हाय की. फुडं सांग."

पुढे 'काय' म्हणजे 'क्वा'. ते 'कवा' झालं. 'तू' म्हणजे 'त्वा'. त्याचा 'तवा' झाला. दाजी उठून उभेच राहिले. ही तर आपलीच भाषा आहे, आपल्या मुलखातलं कुणीतरी पूर्वी तिकडे गेलेलं असणार, असं त्यांनी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण त्यांचा आनंद इतका मोठा होता आणि माझा आवाज इतका लहान!

तीन आठवड्यांत दाजी 'व्हय' इतक्या ऐटीत म्हणू लागले, की मलाच वाटलं, फ्रेंच लोक असंच म्हणत असतील.

मुलाखत मुंबईत होती. आम्ही तिघं गेलो. ताई-दाजी आत, मी बाहेर खुर्चीवर. आत काय घडलं ते ताईनं नंतर सांगितलं. साहेब गोरे, हसतमुख. त्यांनी फ्रेंचमध्ये पहिला प्रश्न विचारला. दाजी म्हणाले, व्हय. दुसरा विचारला. व्हय! साहेब खूश. तिसऱ्याला दाजींनी बदल म्हणून "कवा?" टाकला. साहेबांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा व्हय. चौथ्याला मात्र साहेबांना शंका आली असावी. त्यांनी ताईकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. दाजी छाती काढून म्हणाले, "व्हय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि इंग्रजीत सांगितलं, "मी विचारलं, या तुमच्या आई का?"

(ताई कराडपर्यंत दाजींशी बोलली नाही.)

मग साहेबांनी विचारलं, फ्रेंच शिकवलं कुणी? आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण दाजी गुरूला विसरणारे नव्हेत. बाहेरच बसली आहे, ब्याण्णव मार्क आहेत, असं त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. दार उघडलं. मला आत बोलावलं.

साहेबांनी फार मायेनं, एकेक शब्द सुटा करून, मला फ्रेंचमध्ये माझं नाव विचारलं. मला प्रश्न समजला. उत्तरही येत होतं. परीक्षेत ते दोन मार्कांना होतं. ताई बघत होती, दाजी बघत होते, त्यांचं सगळं पुढचं आयुष्य टेबलावरच्या फाइलीत पडलं होतं. मी तोंड उघडलं.

"व्हय," मी म्हणाले.

साहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. मग डोळे पुसून ते गंभीर झाले. म्हणाले, "लोक लहान गावासाठी परवाना घेतात आणि महिन्याभरात मोठ्या शहरात पळतात. तुम्ही टिकाल का?"

दाजी माझ्याकडे वळले. "ह्ये मराठीत सांगतो, तू इंग्रजीत सांग. म्हणावं, सायेब, आमच्या कोयनंत जमीन हलती, तरी आमी हललो न्हाई. तुमच्यात तर नुसतं बरफच हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. आवाज लहानच होता, पण निघाला. साहेब बराच वेळ लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, फ्रेंच तिथं जाऊन शिकता येईल. तोवर इथं मात्र शिकू नका.

चार महिन्यांनी परवाना आला! ताईनं फोनवर रडत सांगितलं, दाजींनी कॉलनीभर जिलेबी वाटली, आणि वाटताना प्रत्येक घरी सांगितलं, की हे सगळं मेव्हणीच्या शिकवणीमुळं.

पुढच्या रविवारी कोयनानगरहून पाच फिटर आणि एक वायरमन नव्या वह्या घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी सहाही जणांना आत घेतलं, पाणी दिलं आणि फळा पुसायला घेतला. 'नाही' म्हणणं मला अजून कुठल्याच भाषेत जमत नाही.