चूक सगळ्यात शेवटी

मी खळ करत होते तेव्हा कळलं. मैद्याची खळ, शाळेसाठी. दिवाळीची सुट्टी संपत आलेली, सोमवारी शाळा उघडणार, आणि माने बाई गावी जाताना सांगून गेलेल्या की सुप्रिया, मी रविवारी संध्याकाळी येते, खळ तयार ठेव, मोरचूद टाकायला विसरू नकोस, मागच्या वेळी झुरळांनी अर्धा बाजार खाल्ला. म्हणजे पुठ्ठ्याचा बाजार, आम्ही केलेला. तर मी टोपात ढवळत होते, हात थांबला की गुठळ्या होतात, आणि मोबाईल वाजला. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज होता, शाळेत बाई आणि सर असे दोनच शिक्षक. बाईंचं त्यांच्या गावी निधन झालं, सकाळी चहा घेताना. मी वाचलं आणि ढवळत राहिले. परत वाचलं. मग गॅस बंद केला, मोरचूद टाकलं, झाकण ठेवलं. रडू आलं नाय. आणि खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो बाईंचा पण नव्हता, माझ्या पोरीचा होता. आता वेदूचं कसं होणार...

वेदिका माझी मुलगी, तिसरीत हाय. घरात बोलते, कोंबड्यांशी बोलते, तिच्या बाबांच्या रिक्षात मागं बसली की आमच्या आगरदांड्याच्या जेट्टीपासून मुरुडपर्यंत तोंड बंद नसतं. पण शाळेच्या पायरीवर पाय ठेवला की संपलं. पहिलीपासून एक शब्द नाय. अलिबागला डॉक्टरांना दाखवलं, ते बोलले कान चांगले, जीभ चांगली, घाबरते, वाट बघा. वाट बघायची म्हणजे किती ते काय बोलले नायत. चौथीनंतर आमच्या इथं वर्ग नाय, मग मोठ्या शाळेत जायचं, तिथं एवढी पोरं, तिथं कोण वाट बघणार. सासूबाई बोलायच्या, "काय गो, तुझ्यासारखीच निघाली ती. तू पण लग्न होऊन आलीस तेव्हा वर्षभर चुलीशीच बोलत होतीस." ते खरंच होतं, म्हणून जास्त लागायचं. मी सातवीत शाळा सोडली. फळ्यावर भागाकार चुकला, गुरुजी बोलले सगळ्यांनी हिच्याकडं बघा, सगळ्यांनी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी भात लावायला गेले ती परत गेलेच नाय. वेदूला सोडायला जायचे ती फाटकाच्या बाहेरच उभी राहायचे, चप्पल पण आत टाकायचे नाय.

बाईंनी मला त्या फाटकातूनच ओढलं. त्या नवीन आलेल्या, घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. उंच, कपाळाला मोठी टिकली, आवाज असा की जेट्टीवर भोंगा नसता तरी चाललं असतं. हातात थर्माकोलची मोठी शीट आणि वारा सुटलेला, शीट उडतेय, तर मला बोलल्या, "अगं उभी काय राहिलीस, धर की." मी धरली. धरून आत गेले. आत गेल्यावर सोडायची कुठं ते त्यांनी सांगितलं नाय, मग कात्री दिली. मी तिरकं कापलं. बोलल्या, "कात्री आहे ती, कोयता नाही." मला वाटलं आता पळावं. पण त्यांनी तो तिरका तुकडा उचलला आणि त्याची होडीची नाळ केली, पुढचं टोक. त्या दिवसापासून मी जायला लागले. घरी सांगितलं नाय आधी, सांगितलं असतं तर सासूबाई बोलल्या असत्या, शिकायच्या वेळी पळालीस आणि आता बिनपगारी जातेस. नंतर कळल्यावर त्या तेच बोलल्या.

बाईंची एक पद्धत होती. आठवडाभर एकच गोष्ट. मासळीचा आठवडा, बाजाराचा आठवडा, नारळाचा आठवडा. त्या एका गोष्टीतूनच सगळं काढायचं, गणित पण तेच, भाषा पण तेच, परिसर पण तेच. नारळाच्या आठवड्यात पोरांनी नारळ मोजले, वजन केले, पाण्यात टाकून बघितलं बुडतो का, माडावर चढणाऱ्या काकांना वर्गात बोलावून प्रश्न विचारले, आणि शुक्रवारी सगळ्यांनी मिळून खोबऱ्याच्या वड्या केल्या. त्यासाठी लागणारं सगळं आम्ही करायचो, दुकानातलं काय नाय. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या, बाटल्यांची झाकणं, पोफळीच्या झावळीचे रुंद देठ, विऱ्या. आणि भिंतीवर एक मोठा फलक, आठवड्याच्या गोष्टीचा, अख्खं चित्र चिकटवून केलेलं.

पहिला फलक मासळीचा होता, आणि तो बाईंनी एकटीनं केलेला, मी यायच्या आधी. बाईंच्या गावाला समुद्र नाय, त्यांनी मासे पुस्तकात बघितलेले. तर त्यांनी बोंबील केला आणि त्याला चॉकलेटच्या चांदीची खवलं लावली, एक एक कापून, रात्रीचं जेवण सोडून. सोमवारी पोरं वर्गात आली आणि जी हसली. "बाई, बोंबलाला खवलं! बाई, हा बोंबील लग्नाला चाललाय का?" आमच्याकडं दुधपित्या पोराला पण माहीत असतं, बोंबील कसा बुळबुळीत, हातात राहत नाय तो. बाई लाल झाल्या. मला हे त्यांनीच नंतर सांगितलं, हसत नाय, नुसतं सांगितलं. बोलल्या, वाटलं फाडून टाकावा. आणि तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक मुलगी उठली, तोपर्यंत जागेवरून कधी हललेली नव्हती, चालत भिंतीपाशी आली, आणि बोंबलाच्या खवल्यावर बोट ठेवून उभी राहिली. वेदू होती ती.

तेव्हापासून बाईंनी नियम केला. प्रत्येक फलकात एक चूक ठेवायची. मुद्दाम. पोरांनी आठवडाभर शोधायची, शुक्रवारी सांगायची. बाजाराच्या फलकात तराजूचं जड पारडं वर. नारळाच्या फलकात माडाला फांदी. वेदूला बहुतेक सोमवारीच सापडायची, पण ती शुक्रवारपर्यंत थांबायची आणि मग उठून बोट ठेवायची. बाकीची पोरं ओरडायची, बाई, ती बोलली कुठं, तिनं नुसतं दाखवलं. बाई बोलायच्या, "बोट म्हणजे पण उत्तरच." मला ते ऐकून बरं वाटायचं आणि भीती पण वाटायची. एकदा मी धीर करून विचारलं, बाई, बोटावर किती दिवस चालणार, मोठ्या शाळेत कोण बोट बघणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं पण नाय, पत्रिका कापत होत्या. "घाई तुला आहे की तिला?" एवढंच. मग चहा पाठव बोलल्या, बिनदुधाचा.

अशा होत्या त्या. गोड अशा नव्हत्या. पोरांवर आवाज चढवायच्या, माझ्यावर चढवायच्या, खळ पातळ झाली तर टोप परत पाठवायच्या. फेरीबोटीला इतक्या घाबरायच्या की खाडीपलीकडं दिघीला जायचं झालं तर डोळे मिटून बसायच्या, पर्स छातीशी धरून. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं, त्यांनी जेट्टीवर बघितलेलं. मी बाईंना बोलले, तुम्ही पण घाबरता? तर बोलल्या, "मग? घाबरायला काय लायसन लागतं?" पण जेट्टीचा आठवडा घ्यायचं त्यांनीच ठरवलं. पोरांचे निम्मे बाप जेट्टीवर, कोण तिकिटाला, कोण रिक्षाला, कोण वडापावला. बोटीत किती गाड्या बसतात ते गणित, तिकीट खिडकीवरची बोलणी ती भाषा, भरती ओहोटी तो परिसर.

तो फलक आम्ही दिवाळीच्या आधी केला. भिंतभर. खाली खाडी, बोट, औषधांच्या खोक्यांच्या गाड्या, वडापावची टपरी, काठाला माड, माडाच्या झावळ्या वाऱ्यानं सगळ्या दिघीच्या बाजूला वाकलेल्या, बोटीवर उंच काठी आणि काठीला झेंडा, तो पण दिघीकडं उडणारा. सगळं झालं तेव्हा मी विचारलं, बाई, चूक? बोलल्या, चूक सगळ्यात शेवटी. आधी सगळं खरं करायचं, मग एक खोटं करायचं. सुट्टीवरून आल्यावर बघू. नेहमी तसंच, पोरं यायच्या आधी सोमवारी सकाळी त्या एकट्या जाऊन चूक लावायच्या, मला पण सांगायच्या नाय कुठं.

आणि त्या आल्याच नायत.

शाळा उघडली. आता सर एकटेच, त्यांनी दोन्ही वर्ग एकत्र घेतले. पहिल्या दिवशी बाईंचा फोटो, हार. दुसऱ्या दिवशी पोरं फलकापुढं जमली आणि चूक शोधायला लागली, कोणी सांगितलं पण नाय. सर बोलले, शोधा. शुक्रवार आला, कोणाला सापडली नाय. पुढच्या शुक्रवारी पण नाय. कोण बोले टपरीची, कोण बोले गाडीच्या चाकाची, सर प्रत्येक वेळी माझ्याकडं बघायचे कारण त्यांना वाटायचं मला माहीत हाय. मला माहीत होतंच. मला माहीत होतं की त्यात चूकच नाय. ते सांगायचं कसं, सांगितलं तर पोरं शोधायची थांबणार, आणि वेदू... ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्या भिंतीपाशी उभी राहायची, खालच्या बाजूला बघत, घरी येऊन पण गप्प बसायला लागलेली. कोंबड्यांशी पण बोलेना. ह्यांनी रिक्षात नेलं तर मागं नुसती बसली. सासूबाई पण काय बोलेनात, त्याची मला जास्त भीती वाटली.

मग एका सोमवारी मी सकाळी लवकर खळ घेऊन शाळेत गेले. चावी माझ्याकडं असायचीच, झाडायला. वर्गात कोण नव्हतं. चूक करायची म्हणून मी फलकासमोर खुर्ची ओढली आणि वर चढले. आयुष्यभर चूक होईल म्हणून घाबरले, आणि आता ठरवून करायची तर तीच जमेना. कुठली करू, फार सोपी झाली तर, फार अवघड झाली तर, बाईंना आवडली नसती तर. शेवटी माझ्या डोळ्यासमोर होता तो झेंडा उपटला, उलटा केला, खळ लावली, दाबला. झावळ्या दिघीकडं आणि झेंडा आगरदांड्याकडं. हात पदराला पुसून खाली आले.

शुक्रवारी मी वर्गाबाहेर बसले होते, पत्रिका कापत, कान आत. सर बोलले, कोणाला सापडली? मग चटई सरकल्याचा आवाज आला आणि पोरं बोलली, वेदिका उठली. मी खिडकीतून बघितलं. ती भिंतीपाशी गेली आणि हात वर केला. पुरेना. टाचा वर केल्या तरी पुरेना, बोट माडाच्या बुंध्यापर्यंतच जात होतं. पोरं ओरडायला लागली, माड? नारळ? बोट? ढग? ती प्रत्येकाला मान हलवत होती, नाय, नाय. तिला राग आला, मला तिचा राग ओळखता येतो, कान लाल होतात. सरांना पण काय समजेना, माडाला काय झालंय, बरोबर तर हाय. मग तिनं हात खाली घेतला.

"झेंडा," ती बोलली. आवाज घोगरा होता. "वारा तिकडं जातो. झेंडा इकडं."

कोण हसलं नाय. मागचा एक पोरगा बोलला, हिचा आवाज तर माझ्या आत्तेसारखा हाय. मग सगळे हसले, आणि ती पण.

घरी येताना मी काय विचारलं नाय. बाई असत्या तर बोलल्या असत्या, घाई तुला आहे की तिला. ओढ्यापाशी आल्यावर वेदूच बोलली, आई, ती बाईंची चूक नव्हती. मी बोलले, कशावरून? तर बोलते, "बाईंची चूक खाली असते. मी बसते तिथून दिसते, आणि हात पुरतो."

दुसऱ्या दिवशी मी कपाटामागचे जुने फलक बाहेर काढले. एक एक जेट्टीच्या पुढं भिंतीला उभा केला आणि वेदूच्या जागेवर चटईवर बसून बघितलं. बोंबील सगळ्यात खाली, तो तर नकळत झालेला. पण नंतरचं तराजूचं पारडं, माडाची फांदी, सगळं त्या कोपऱ्यातून समोर, तिच्या हाताच्या टप्प्यात. आणि प्रत्येक फलकात आधीपेक्षा जरा वर. जेट्टीच्या आधीच्या शेवटच्यात तर टाचा उंच केल्याशिवाय बोट लागलंच नसतं. पोर वाढत होती म्हणून वर जात होतं, का बाईंच्या मनात आणखी काय होतं, ते आता कोण सांगणार. मी चटईवर बरीच बसले. मग फलक परत आत ठेवले, एकावर एक, खळ उकलू नये असे.

हे सगळं लिही असं सरच बोलले, जसं बोलतेस तसं लिही, म्हणून लिहिलं. आता मिठाचा आठवडा करायचा हाय, आगरातून मीठ आणून ठेवलंय. तो फलक लावायला भिंत मोकळी पाहिजे, तर काल सरांनी खुर्ची घेतली आणि बोलले, जेट्टी काढून ठेवतो, आणि ठेवायच्या आधी तो झेंडा सरळ करून टाकू का?

वेदू चटईवर बसून मिठाच्या फलकासाठी झाकणांची चाकं रंगवत होती. मान वर न करता बोलली, "नको."