खाली आलेला पाय

आमची ही खुर्चीत बसते ती एक पाय वर घेऊनच. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक असली तरी घरातली बैठक अशीच. काल ती एका शोधपत्रिकेकडून तपासायला आलेला निबंध वाचत होती. त्यात लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं आणि तपासणाराही कोण ते कळू देत नाहीत. माझ्या पोह्यांवरचे शेरे मात्र ती थेट तोंडावर देते.

वाचता वाचता तिने हळूच पाय खाली घेतला आणि ती ताठ बसली.

"काय गं, काय झालं?"

"हा आमच्या सरांचा आहे. 'बापडे नेचे' असं दुसरं कोण लिहिणार?"

नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, काम करणारी इनमिन चार माणसं; त्यांची नावं झाकून झाकणार किती!

"मग टाक की पास करून. तुझा प्रबंध त्यांनीच..."

"त्यांनीच परत केला होता. पुरावा कमी म्हणून. इथेही तोच कमी आहे."

मला या लोकांची गंमत वाटते. ज्याच्या हाती ज्याचा निबंध येईल, तो तेवढ्यापुरता मास्तर. उद्या पारडं फिरतं आणि मास्तर बाकावर जाऊन बसतो. आमच्या घरात तशी सोय नाही. मी कायमचा बाकावर.

तिने लिहिलं, "पुरावा अपुरा आहे. सुधारून पाठवावा." मग जरा थांबून पुढे 'ही विनंती' जोडलं.

शेरा गेला, चहा झाला, तरी तिचा पाय खालीच होता.