आत्याची नवी ओळ

माझी आत्या रुग्णालयात सव्वीस वर्षं अहवाल टाइप करत होती. डॉक्टरांची चिठ्ठी डावीकडे, नजर चिठ्ठीवर, बोटं आपली चाललेली. पडद्याकडे ती पाहायचीच नाही. "त्यात काय बघायचं? मी लिहिलंय तेच असणार ना!" असं ठणकावून सांगायची, आणि तसंच असायचं.

मग मी तिथे कॉम्प्युटर विभागात लागलो आणि त्या विश्वासाची माती केली. पुढचं वाक्य सुचवणारी यादी मी बनवली. दोन-तीन अक्षरं उमटली की ती उघडायची, सगळ्यात वरचं वाक्य आधीच निवडलेलं असायचं आणि एंटर दाबलं की तेच अहवालात उतरायचं. कामाचा वेग दीडपट झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि मी कॉलर ताठ करून फिरलो.

आठवड्याभरातच आत्या माझ्या टेबलाशी आली. "अरे, मी एंटर दाबते नव्या ओळीसाठी, आणि तुझी यादी आपलंच घोडं पुढे दामटते."

"आधी एस्केप दाब ना. यादी बंद होते. होईल सवय."

"म्हणजे तुझ्या यादीला वळण नाही म्हणून माझी सवय मोडू?"

मी हसलो. गाढव होतो, दुसरं काय! माणूस बाणाची कळ दाबून स्वतः यादीत शिरेपर्यंत एंटर हे एंटरच राहायला हवं, हे मलाही कळत होतं. पण बदल केला तर वेग उतरेल, शाबासकी जाईल, म्हणून मी कानाडोळा केला.

तिची मात्र पुरती कोंडी झाली. पडद्याकडे पाहावं तर चिठ्ठीतली ओळ हरवायची, चिठ्ठीकडे पाहावं तर यादी घुसायची. प्रत्येक ओळीला आधी एस्केप, मग एंटर. डावी करंगळी सुजली. घरी भाजी चिरतानाही ती आपोआप उचलली जायची. नोकरी सोडायची सोय नव्हती. आतोबांनी अंथरूण धरलेलं, घर तिच्या पगारावर. काम सुटल्यावर तासभर बसून ती दिवसाचे अहवाल चिठ्ठ्यांशी ताडून पाहू लागली.

त्यातच एकदा सापडलं. चिठ्ठीत "डावीकडे गाठ" एवढंच होतं. 'गाठ' लिहून तिने एंटर दाबलं, एस्केप राहून गेलं. छापून आलं, "डावीकडे गाठ आढळली नाही." खाली डॉक्टरांची न वाचता ठोकलेली सही आणि टाइप करणारी म्हणून आत्याचं नाव. ती रुग्ण बाई अहवाल घेऊन दुपारीच गेली होती.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. आत्याने तिथूनच त्या बाईला फोन लावला, चूक कबूल केली आणि तिला परत बोलावलं. उपचार वेळेत सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत्याला बोलावलं. मीही तिथे उभा होतो.

"हे तुम्ही टाइप केलंत?"

"हो."

तिने यादीचं नावसुद्धा काढलं नाही. मी बोलायला हवं होतं. तिला त्याच दिवशी कामावरून काढलं.

दुपारी मी यादी दुरुस्त केली. दहा मिनिटं लागली.

रविवारी तिच्या घरी गेलो. म्हणालो, "आत्या, आता एंटर दाबलं की नवी ओळच येते."

"किती वेळ लागला रे?"

"दोन दिवस."

"मग तुला तरी कामाच्या रगाड्यात कधी जमणार होतं," असं म्हणून ती आतोबांना औषध द्यायला उठली.